उत्तनच्या वाडीवरची सौरवीज

विजेच्या तारेशी न जोडलेली छोटी सौरव्यवस्था चार भागांची असते: उन्हाची वीज करणारे पॅनेल, ती साठवणारी बॅटरी, दोहोंच्या मध्ये बसून बॅटरीचे भरणे-उतरणे सांभाळणारा चार्ज कंट्रोलर आणि दिव्या-पंख्यापर्यंत जाणारी वायर. हे चारही भाग आज कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत मिळतात. खरे काम त्यांची मापे ठरवण्याचे आणि त्या जागेच्या हवेत ते टिकवण्याचे. मिरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, समुद्राकाठच्या वाडीवर, यातले दुसरे काम पहिल्याहून भारी पडते.

मिरा-भाईंदर म्हटले की रेल्वे स्थानक आणि इमारतींच्या रांगाच डोळ्यांपुढे येतात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती आणि २००२ पासून येथे महानगरपालिका आहे. पण त्याच हद्दीत उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी ही गावे मासेमारी, भाजीपाला आणि माडांच्या वाड्या राखून आहेत. प्रस्तुत लेखकाच्या घरची वाडी याच भागात आहे. विहिरीशेजारी अवजारे, खताच्या गोणी आणि फवारणीचे पंप ठेवण्याची कौलारू खोली आहे. गावात वीज आहे, रस्त्याला खांबही आहेत. परंतु खोलीपर्यंत तार आणायची तर ती दुसऱ्यांच्या वाड्यांवरून ओढावी लागते. दोन-तीन दिवे आणि एका पंख्यासाठी तो खटाटोप घरात कोणालाच पटला नाही, आणि सौरवीज घेण्याचे ठरले.

व्यवस्थेचे माप पॅनेलपासून नव्हे, वापरापासून काढायचे असते. खोलीत ५ वॅटचे दोन एलईडी दिवे संध्याकाळी चार तास लागतात, म्हणजे ४० वॅट-तास. दारावरचा ३ वॅटचा दिवा रात्रभर जळतो. तो ३३ वॅट-तास घेतो. २० वॅटचा पंखा पाच तास चालला तर १००. दोन मोबाइलचे २५ धरायचे. फवारणीच्या पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरायला शंभराच्या वर वॅट-तास लागतात, पण फवारणी रोजची नसल्याने दिवसाला सरासरी ३० पुरतात. एकूण हिशेब सुमारे २३० वॅट-तासांचा होतो. शिसे-आम्ल बॅटरीत भरताना, उतरताना आणि वायरीत जाणारी घट मोजली, तर कंट्रोलरमधून रोज ३०० च्या थोडी वर वॅट-तास वीज बाहेर पडायला हवी.

इथे इन्व्हर्टरचा प्रश्न येतो. घरातले नेहमीचे दिवे-पंखे २३० व्होल्टवर चालतात, म्हणून विक्रेते इन्व्हर्टरसकटच संच सुचवतात. पण छोटा इन्व्हर्टर काहीही न जोडता नुसता चालू ठेवला, तरी १० वॅटच्या आसपास वीज स्वतःच खातो. चोवीस तासांत ती २४० वॅट-तास होते, म्हणजे खोलीच्या संपूर्ण गरजेइतकी. दिवे, पंखा आणि मोबाइलचा चार्जर हे सारे १२ व्होल्टच्या डीसीवर मिळत असताना हा भुर्दंड सोसण्याचे कारण नाही. वाडीवरच्या खोलीत म्हणूनच इन्व्हर्टर घेतलेला नाही, आणि एवढ्या लहान गरजेसाठी तो कोणी घेऊही नये.

विहिरीवरचा पंप मात्र या हिशेबात बसत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तीन तासांच्या पाण्याला खोलीच्या दहा दिवसांची वीज लागते. त्यासाठी वेगळे सौरपंप असतात. ते दिवसा पॅनेलवरून थेट चालतात, बॅटरी मध्ये येतच नाही. केंद्राची २०१९ पासूनची पीएम-कुसुम आणि राज्याची २०२४ ची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनांत अशा पंपांचा समावेश आहे.

आता ऊन. मुंबई परिसरात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला सुमारे पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. एप्रिल-मेमध्ये हा आकडा सहाच्या पुढे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये तो तीन-चारवर येतो आणि झडीच्या दिवसांत त्याहून खाली. सरासरीवर माप काढले तर शंभर वॅटचे एक पॅनेल पुरेसे दिसते. पण वाडीवर दिव्याची खरी निकड पावसाळ्यातच असते. अंधार लवकर पडतो, गवत वाढते, पायाखाली काय आहे ते दिसणे जिवाशी निगडित असते. तीन तासांचे ऊन धरले की गरज १२० वॅटच्या घरात जाते, म्हणून शंभर वॅटची दोन पॅनेल बसवली. उन्हाळ्यात दुपारपूर्वीच बॅटरी भरून पुढची वीज वाया जाते. ती जाऊ द्यावी. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर घेतली. ती निम्म्यापर्यंतच उतरवायची असे ठरवले, तरी उन्हाचा कवडसाही न पडता तीन-साडेतीन दिवस निघतात.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण अक्षांशाइतक्या म्हणजे येथे १९ अंशांच्या आसपास उतारावर ठेवण्याचा संकेत आहे. त्याने हिवाळ्याचे ऊन चांगले मिळते. परंतु मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य या भागात डोक्याच्या उत्तरेला असतो आणि ढगाळ दिवसांत प्रकाश साऱ्या आभाळातून येतो. म्हणून उतार १५ अंशच ठेवला. दहाच्या खाली जाणे बरे नव्हे, कारण पाणी खालच्या चौकटीशी तुंबून गाळाची रेघ धरते.

खोलीच्या कौलांवर माडांची सावली असल्याने पॅनेल विहिरीपलीकडच्या मोकळ्या जागेत, काँक्रीटच्या पायात रोवलेल्या घोडीवर गेली. सावली डिसेंबरात तपासावी. तेव्हा भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांवरच असतो आणि झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी लांब पडते. पायाचे वजनही कमी धरून चालत नाही. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते ही दोन्ही वादळे या किनाऱ्याने अनुभवली आहेत, आणि पॅनेल वाऱ्याला शिडासारखे सापडते.

जागा बदलल्याने वायर पंधरा मीटर झाली, जाऊन-येऊन तीस. ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीला एवढ्या लांबीत सुमारे ०.१५ ओहमचा रोध असतो. दोन्ही पॅनेल समांतर जोडली तर १८ व्होल्टला ११ अँपिअर वाहतात आणि वाटेत दीड व्होल्टहून अधिक, म्हणजे नऊ टक्के दाब हरवतो. तीच पॅनेल एकामागे एक जोडली की ३६ व्होल्टला साडेपाच अँपिअर वाहतात आणि घट अडीच टक्क्यांच्या आत राहते. यासाठी एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर लागतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर वरचा दाब नुसता वाया घालवतो. एकामागे एक जोडण्याचा एक तोटा आहे: एका पॅनेलवर झावळीची सावली आली की दोन्हींची वीज घसरते. मोकळ्या जागेत तो सोसता येतो.

खाऱ्या हवेचा विचार याहून बारकाईने करावा लागतो. पाऊस संपल्यावर काही आठवड्यांत पॅनेलच्या काचेवर अंधुक थर चढतो. बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. काच पुसता येते, पण हेच मीठ नट-बोल्टांत आणि जोडांत शिरते. साधे लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या चौकटीला गंज लावतात. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट स्वतः टिकतात, पण खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनियमशी थेट टेकले तर ॲल्युमिनियम झिजवतात. मध्ये नायलॉनचा वॉशर घातला की संपर्क तुटतो. हा वॉशर काही रुपयांना मिळतो आणि बसवणारे कारागीर तो हमखास विसरतात, म्हणून समोर उभे राहून घालून घ्यावा. घोडी गरम जस्ताचा मुलामा दिलेली हवी. कापलेल्या आणि भोक पाडलेल्या ठिकाणी जस्ताचा रंग लावावा लागतो. वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच टपकते. माडांवरच्या खारी वायर कुरतडतात, त्यामुळे ती पाइपातून नेणे आवश्यक ठरते.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी आणि मग पॅनेल लावायचे, काढताना उलट. फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, हाताच्या अंतरावर असावा. म्हणजे वायर कुठेही चिकटली तरी आग लागत नाही. एसीच्या एमसीबीवर विसंबू नये, डीसीसाठी वेगळी घ्यावी. डीसीची ठिणगी सहज विझत नाही. बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून ती हवेशीर कोपऱ्यात लाकडी पाटावर ठेवली आणि कंट्रोलर तिच्या डोक्यावर न लावता बाजूच्या भिंतीवर बसवला.

यापुढे उरते ती निगा. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालायचे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी चमचाभर गेले तरी प्लेटांचे आयुष्य घटते. टोके वर्षातून एकदा घासून पेट्रोलियम जेली लावायची. काच सकाळी, तापण्याआधी, साठवलेल्या पावसाच्या पाण्याने पुसायची. मृगापूर्वी प्रत्येक बोल्ट आवळून बघायचा. ट्युब्युलर बॅटरी नीट जपली तर पाच-सहा वर्षे चालते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी त्याहून टिकाऊ आणि हलकी, पण महाग. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्याला न देता नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी; २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.