निनावी नाले

प्राध्यापकाला वार्धक्याची पहिली चाहूल पिकल्या केसांवरून लागत नाही. विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देण्याऐवजी तो "आता आटोपते घे" म्हणू लागतो, तेव्हा लागते. माझी एक विद्यार्थिनी वैनगंगेच्या खोऱ्यातील प्रवाहांवर पीएच.डी.चा प्रबंध लिहीत आहे. मुदत संपत आलेली, आणि नकाशावर निळ्या रेघांचे हे जंजाळ! मी शहाजोगपणे म्हणालो, "अग, हे पावसाळी नाले गाळून टाक. नदी तेवढी ठेव."

"नाले गाळल्यावर नदी कशाची उरेल, सर?"

मी निरुत्तर झालो. वास्तविक हॉर्टनने 1945 साली प्रवाहांची प्रतवारी लावली, ती या उपनदीहीन ओहोळांपासूनच. आणि हे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवीत आलो आहे!

तिने मला आरमोरीकडे नेले. या मुलखात पूर्वजांनी असलेच ओहोळ अडवून मालगुजारी तलाव बांधले. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई, तलाव धानाच्या बांध्यांना. नदीपर्यंत पाणी जाई ते थबकत थबकत. तलाव गाळाने भरला, नाल्याचा काठ नांगराखाली गेला, की तेच पाणी माती घेऊन एकदम धावत सुटते. मग बोल लागतो तो नदीला.

पुढे नदीकाठच्या एका गावात एका वृद्ध धीवराने ऑगस्ट 2020 च्या पुराची हकीकत सांगितली. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, गोसीखुर्द धरणाचे 33 दरवाजे उघडले, आणि ब्रह्मपुरी-आरमोरीकडची गावे जलमय झाली. सारा गाव नदीकडे डोळे लावून बसला होता.

"नदी तं समोर होती जी," म्हातारा म्हणाला, "पाणी मांगून आलं."

गावामागे एक नाला होता. तुडुंब नदी त्याचे पाणी घेईना. उलट तीच त्याच्या वाटेने आत शिरली. नकाशात पाहिले, तर मी गाळायला सांगितलेल्या रेघांपैकीच ती एक! विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिले नाही, हा तिचा विनय. तिने म्हाताऱ्याला नाल्याचे नाव विचारले. नकाशात निनावी असलेल्या त्या नाल्याला नाव होते. ते तिने पेन्सिलीने रेघेशेजारी लिहिले.

परतल्यावर तिच्या मुदतवाढीच्या अर्जावर मी सही केली.