४९ ग्रॅमची वाघीण

डब्याला वजन देता येत नाही. बाकी सगळं देता येतं. गंज देता येतो, पत्र्याला पोचा देता येतो, अ‍ॅक्सल-बॉक्समधून चाकावर उडालेलं काळं तेल देता येतं, मालधक्क्यावर कुणीतरी खडूने मारलेली फुली देता येते. उभा असेपर्यंत डबा खराच वाटतो. इंजिनाने ओढला की कळतं, आत काही नाही.

हिशेब आम्हा मॉडेलवाल्या सगळ्यांना पाठ आहे. प्रमाण १:८७, म्हणजे लांबी ८७ने भागायची आणि वजन ८७च्या घनाने. जुनी चारचाकी ‘सीआर’ वाघीण भरून साडेबत्तीस टन. भागाकार केला की ४९ ग्रॅम, एका अंड्याइतकं. पुढे आलेली ‘बॉक्सएन’ ८१ टनांची, ती १२३ ग्रॅम. मी प्रत्येक वाघिणीच्या पोटात शिशाचे छर्रे चिकटवून तराजूवर ४९चा आकडा दिसल्याशिवाय छप्पर बसवत नाही. एवढं करूनही गाडी निघते ती सगळी एकदम, कुणी ढकलल्यासारखी. खरी मालगाडी अशी निघतच नव्हती.

स्क्रू कपलिंगच्या, व्हॅक्यूम ब्रेकच्या जमान्यात ड्रायव्हर भरलेली गाडी अवघड जागी हलवताना आधी थोडी मागे रेटायचा. बफर दाबले जायचे, मग पुढे. पहिली वाघीण हलायची, तिची कडी ताणली की दुसरी, मग तिसरी. खणखणाट पुढून मागे चालत जायचा. इंजिन वाटेला लागलेलं असायचं आणि ब्रेकव्हॅन अजून जागेवर. गार्ड कठडा धरून उभा, कारण शेवटचा हिसका त्याच्या वाट्याचा. कर्जतला ह्याच्यात आणखी एक भर होती. भोर घाटाचा १:३७चा चढ चढायला गाडीच्या शेपटीला बँकर लागायचे. पुढचं इंजिन ताणत यायचं, मागची इंजिनं दाबत यायची. ताणल्याचा आवाज वेगळा, दाबल्याचा वेगळा, आणि हे दोन्ही गाडीच्या मध्यावर कुठेतरी एकमेकांना भेटायचे. माझं लहानपण त्या आवाजाच्या टप्प्यात गेलं. रात्री अंथरुणात पडून आज ते कुठे भेटले ह्याचा मी अंदाज बांधत असे. ती जागा दर गाडीला बदलायची, कारण कुठली वाघीण भरलेली, कुठली रिकामी, हे दर गाडीला वेगळं असायचं.

ती भेट मला टेबलावर घडवायची आहे. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं त्यात चालली आहेत, असं घरचे म्हणतात आणि ते खरं आहे.

अडचण कळते, सुटत नाही. बॉलपेनमधल्या स्प्रिंगा कापून बफरांत घातल्या. कड्या पितळी तारेच्या, हाताने वळवलेल्या, त्यांत मोजून ढिलाई ठेवली. चाकं फार सुळसुळीत फिरतात म्हणून अ‍ॅक्सलवर फॉस्फर ब्राँझच्या पातळ तारेचं टेकण दिलं. आता गाडी प्रमाणातल्या वेगाने, म्हणजे अगदी मुंगीच्या पावलांनी, काढली तर वाघिणी एकामागून एक निमूट हलतात. आदळत नाहीत, उसळत नाहीत, मागचीला धक्का देऊन पुढची पुन्हा मागे येत नाही. जोराने काढली तर उसळतात, पण ती उसळी इतकी चुटकीसरशी होते की डोळ्याला दिसते ती फक्त थरथर. आणि आवाज? टिकटिक. शिसं घातलं, घर्षण घातलं, स्प्रिंग घातली. हळू नेली तर जीव नाही, जोरात नेली तर पोरखेळ. मधला वेग सापडेल ह्या आशेवर मी कंट्रोलरचं बटण केसाच्या फरकाने फिरवत किती रात्री बसलो, ते सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या मंडळींत ह्या दुखण्याची कदर कुणालाच नाही. निम्मे लोक राजधानी आणि डेक्कन क्वीनचे. त्यांच्या गाड्यांचा गुळगुळीतपणा हाच त्यांचा अभिमान, त्यांना हिसका नकोच आहे. काही जण रुळांच्या मापावरून भांडतात. आपलं ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं, ८७ने भागलं तर १९.३ येतं, आणि बाजारात मिळणारे रूळ साडेसोळाचे, परदेशी स्टँडर्ड गेजच्या हिशेबाचे. वाघीण त्यावर जरा अरुंद पायांची दिसते हे मलाही दिसतं. पण स्वतःचे रूळ घडवत बसलो तर वाघिणी कोण करणार? तिसरी जात एअरब्रशवाल्यांची. एका संध्याकाळी डझनभर वाघिणी ‘जुन्या’ करून टाकतात, सगळ्या सारख्याच जुन्या. गंज असा समान वाटून येत नाही. मीठ भरलेली वाघीण वेगळी गंजते, सिमेंटची वेगळी. हे त्यांना सांगितलं की ते हसतात आणि माझ्या ‘खेकडा’ इंजिनाचे फोटो काढायला लागतात.

खेकड्याचं माझं दुःख स्वतंत्र आहे. १,५०० व्होल्ट डीसीवर चालणारं ते स्विस घराण्याचं इंजिन, जीआयपी रेल्वेने घाटाच्या विद्युतीकरणासाठी आणलेलं, दोन्ही बाजूंना सोंडा, चाकांना जोडलेले दांडे, चालताना कण्हणारं. त्याचं मॉडेल मी केलं ते केवळ माझ्या वाघिणी ओढायला तेव्हाचं इंजिन हवं म्हणून. लोक तेच बघतात. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ‘सर लेस्ली विल्सन’ जपून ठेवलेलं आहे. त्याच्यासारख्या इंजिनांनी आयुष्यभर ओढलेल्या साध्या सीआर वाघिणींकडे किती जण थांबून बघतात, हा प्रश्न मी एकदा एका व्याख्यानात विचारला होता. उत्तर कुणी दिलं नाही. चहा आला होता.

दोनेक वर्षांपूर्वी उजव्या हाताला कंप सुरू झाला. वाघिणीवरची अक्षरं, म्हणजे टेअर (रिकामं वजन), वहनक्षमता, पीओएचची (मोठ्या दुरुस्तीची) तारीख, ही मी तीन शून्यांच्या ब्रशने हाताने लिहीत असे, आणि खरं सांगायचं तर माझी प्रसिद्धी, जेवढी आहे तेवढी, ह्या अक्षरांवर आहे. भिंगाखाली ‘१०.९ ट’ असा आकडा स्वच्छ वाचता आला की बघणारा मान वर करून माझ्याकडे बघतो, आणि त्या एका नजरेसाठी मी पाठ मोडून घेतली आहे. आता तो आकडा हलतो. म्हणून एका मुलीला मदतीला घेतलं. डोंबिवलीची, इंजिनिअरिंग शिकलेली. ती अक्षरं संगणकावर करून पाण्याने चिकटणाऱ्या कागदावर छापते. माझ्याहून स्वच्छ येतात. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “काका, तुमच्या अक्षरांसारखाच फाँट केला आहे.” मला हे कौतुक वाटायला हवं होतं.

ही मुलगी जन्मली तेव्हा चारचाकी वाघिणींचे दिवस संपत आले होते. तरी तिला हवी आहे ती सत्तरच्या दशकातलीच मालगाडी, मिश्र. एक झाकलेली, मग दोन उघड्या, एक टाकीची, एक गुरांची, शेवटी एलव्हीची, म्हणजे ‘शेवटचा डबा’ अशी, पाटी लावलेली ब्रेकव्हॅन. “आताची गाडी म्हणजे एकच डबा अठ्ठावन्न वेळा,” असं ती म्हणते. बरोबर आहे. पण तिला ही हळहळ आमच्याकडून आयती मिळाली आहे, आणि तिच्या तोंडून ऐकताना ती मला जरा संशयास्पद वाटू लागली.

कारण ती मिश्र गाडी का मिश्र होती? मनमाडला कुणी एक वाघीण भरली, दौंडला कुणी दोन, आणि दर मोठ्या यार्डात त्या सोडवून, चढावरून घरंगळवून, पुन्हा जोडून पुढे पाठवायच्या. वाघीण चालण्यापेक्षा उभी जास्त राहायची. आठवडेच्या आठवडे कुठल्या तरी सायडिंगला. ‘वाघिणींची टंचाई’ ही तेव्हाच्या वर्तमानपत्रांतली नेहमीची बातमी होती, आणि नाशिककडच्या कांदेवाल्याला विचारा, त्या मिश्र गाडीत त्याला काय सुंदर दिसत होतं ते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेने हे मोडायला घेतलं. एका ठिकाणी सबंध गाडी भरायची, ती थेट दुसऱ्या टोकाला रिकामी करायची, मधल्या यार्डांत हात लावायचा नाही. १९८०-८१मध्ये रेल्वेने साधारण साडेएकोणीस कोटी टन माल वाहिला, आता वर्षाला दीडशे कोटी टनांच्या वर जातो. १५ ऑगस्ट २०२२ला ‘सुपर वासुकी’ म्हणून २९५ वाघिणींची कोळशाची गाडी चालवली, साडेतीन किलोमीटर लांब. माझ्या प्रमाणात ती चाळीस मीटर होईल. आमच्या सोसायटीचं आवार पुरणार नाही. पश्चिमेच्या मालवाहू मार्गावर कंटेनरवर कंटेनर चढवून गाड्या जातात. ह्याला ऱ्हास म्हणणं मला जमत नाही, जरी संमेलनात मी तसं बोलून टाळ्या घेतल्या आहेत. जी ढिलाई मी पितळी तारेत मोजून भरतो, ती रेल्वेने मेहनतीने घालवली. गार्डचंही तेच. २०२२पासून तो ‘ट्रेन मॅनेजर’ झाला, आणि शेवटच्या डब्याला यंत्र लावून त्याच्याशिवाय मालगाडी चालवायची तयारीही झाली आहे. त्या कठड्याला धरून हिसका खाणाऱ्या माणसाला मी मॉडेलमध्ये कंदील देतो. त्याला पाठदुखी होती का, हे विचारत नाही.

गेल्या प्रदर्शनात एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ माझ्या मालधक्क्यासमोर उभे होते. मला वाटलं, रमले. मग त्यांनी विचारलं, “दार सरळ सरकतं होय तुमचं?” मी हौसेने सरकवून दाखवलं. ते म्हणाले, “आमचं अडकायचं. पहार घालायला लागायची. आन् आत पोतं शंभर किलोचं.” माथाडीत होते. त्यांना ना खेकड्याची आठवण होती, ना खणखणाटाची. वाघीण त्यांच्या लेखी फक्त उभी असायची, रिकामी होईपर्यंत. घरी येऊन मी दोन वाघिणींची दारं अर्ध्यात वाकडी अडकवली. मदतीच्या मुलीला ते फार आवडलं. मला त्यात आपण पुन्हा एक नवा तपशील कमावल्याचा आनंद झाला, आणि तो आनंद त्या गृहस्थांसमोर मी दाखवू शकलो नसतो, हेही तेव्हाच कळलं.

आता मूळ गोष्ट. एका रविवारी मी गाडी जोराने ओढून काढत होतो, पुढे खेकडा, मागे दोन बँकर, आणि ती मुलगी कंटाळून मोबाइलवर चित्रण करत होती. तिने ते संथ गतीत लावलं, आठपट हळू. पडद्यावर माझी गाडी निघाली. पहिली वाघीण खेचली गेली, दुसरीवर उसळली, तिसरी जरा थांबून हलली. मागून बँकरांचा दाब चालत आला. टिकटिकीचा आवाजही आठपट खाली उतरला होता, आणि तो धडधडाट होता. सातव्या-आठव्या वाघिणीपाशी दोन्ही भेटले.

ती म्हणाली, “काका, हे सोपं आहे. लांबी ८७ने कमी झाली तर पडायला, आपटायला लागणारा वेळ ८७च्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे नऊपट. तुमची गाडी बरोबरच आहे. आपण बघतोय ते फास्ट.” सिनेमात टबात बोटी बुडवणारे लोक हे कित्येक दशकं जाणतात, असंही ती म्हणाली. मी ‘हो, माहीत आहे’ असं म्हणालो. मला माहीत नव्हतं. शिसं घालून मी वजन शोधत होतो ते वजनात नव्हतंच, आणि हे मला तिने हातातला वडापाव न ठेवता सांगितलं.

ती चित्रफीत मी आठवडाभर कुणाला दाखवली नाही. मग तिनेच आग्रह धरला की डिसेंबरच्या प्रदर्शनात टेबलाशेजारी पडदा लावू, गाडी निघाली की लगेच संथ गतीत दिसेल. मी म्हटलं, मॉडेल मॉडेलच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, पडदा ही पळवाट आहे. दोन दिवस वाद घातला. तिच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, फक्त आवाज चढा होता. शेवटी पडदा लावू दिला, पण लहान, आणि वाघिणींपासून हातभर लांब.

लोकांनी पडदाच बघितला. गाडी निघाली की सगळ्या माना उजवीकडे. रेल्वेतून निवृत्त झालेला एक गार्ड तर तिथेच खुर्ची ओढून बसला आणि पुन्हा लावा, पुन्हा लावा म्हणत राहिला. जी भेट मला घडवायची होती ती दिवसभर घडत होती. मी मात्र टेबलाच्या डाव्या टोकाला भिंग घेऊन उभा होतो. तिथे माझ्या हाताने लिहिलेल्या शेवटच्या चार वाघिणी मुद्दाम पुढे ठेवल्या होत्या, आणि येईल त्याला, मागितलं नसलं तरी, टेअरचा आकडा वाचायला लावत होतो.