भीड भिकेची बहीण

धंदा बुडतो तो काम नसल्यामुळें, असा सार्वत्रिक समज आहे. गेलीं कांहीं वर्षें डोंबिवलींत संकेतस्थळें बनविण्याचा लहानसा व्यवसाय चालवितांना आमचा अनुभव मात्र निराळा आहे. कामाचा तुटवडा माणसाला फार दिवस फसवीत नाहीं. तो पहिल्याच महिन्यांत डोळ्यांवर येतो. फसवितें तें ‘येणें’. वहींत लाखाचें येणें दिसत असतें, आणि खात्यांत सात तारखेचे पगार भागण्यापुरतेही रुपये नसतात.

वरून पाहणाराला हा व्यवसाय मोठा सुटसुटीत वाटतो. तीन संगणक, एक भाड्याची खोली आणि दोन हुशार मुलें, एवढेंच काय तें भांडवल. माल सांठवावा लागत नाहीं, नासतही नाहीं. परंतु ज्याला माल नाहीं, त्याला तो अडवून ठेवण्याची सोयही नाहीं. एमआयडीसींतला कारखानदार पैसे येईपर्यंत खोकीं दारांत थांबवूं शकतो. आमचें काम एकदां जगापुढें मांडलें कीं तें गिऱ्हाइकाचें झालें.

त्यांत करांचा क्रम उलटा. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली कीं सेवेच्या धंद्याला जी. एस. टी. लागतो. 50,000 रुपयांच्या बिलावर 18 टक्क्यांप्रमाणें 9,000 रुपये कर चढतो, आणि तो पुढच्या महिन्यांत भरावा लागतो; मग गिऱ्हाइकानें आपणांस पैसे दिलेले असोत वा नसोत. खरेदीवर दिलेला कर त्यांतून वजा होतो हें खरें. पण आमचा मोठा खर्च पगाराचा, आणि पगारावर कसली आली वजावट?

मग पैसे मागावे, हें साधें उत्तर झालें. पण येथेंच भीड आडवी येते, आणि तिचें मूळ जुनें आहे. 1853 सालीं पहिली आगगाडी मुंबईहून ठाण्यास आली, 1854 सालीं रूळ कल्याणास पोंचले; आणि पुढें त्या रुळांच्या कडेनें जी मध्यमवर्गीय वस्ती वाढली, तिच्यांत मुंबईस नोकरी करणारांचा भरणा मोठा. नोकरदाराला पगार मागावा लागत नाहीं. तो तारखेला आपल्या पायांनीं चालत येतो. काटकसर मात्र या वर्गाला उत्तम साधली. डोंबिवली नागरी सहकारी बँक 1970 सालीं, ठाणे जनता 1972 त आणि कल्याण जनता 1973 त, अशा तीन सहकारी बँका या एकाच पट्ट्यांत चार वर्षांच्या आंत उभ्या राहिल्या. शिल्लक टाकणें आम्हां लोकांस येतें. आपलें हक्काचें मागणें येत नाहीं. आणि गिऱ्हाईक तरी परकें कोठें असतें? कोणी क्लासचे सर, कोणी दांतांचे डॉक्टर, कोणी मंगल कार्यालयाचे मालक. संध्याकाळीं फडके रोडवर ते समोरून येतात, मुलांची चौकशी करतात, आणि बिलाचा विषय जिभेवर येऊन विरतो.

कायदा आमच्या बाजूचा आहे. 2006 च्या कायद्याप्रमाणें लहान उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे थकवितां येत नाहींत. करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. त्यापुढें बँकदराच्या तिप्पट दरानें दरमहा चक्रवाढ व्याज. 2023 च्या वित्त कायद्यानें आणखी एक पेंच टाकला: मुदतींत न दिलेली अशी रक्कम देणाराला प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीं खर्चांत धरतां येते. परंतु ज्यांच्या घरच्या मुंजीस आपण जेवलों, त्यांच्यावर सुविधा परिषदेंत दावा कोण लावणार?

गेल्या वर्षीं एका कारखानदारांकडे आमचे 80,000 रुपये पांच महिने थकले. आमच्याकडील एका मुलानें बदलापुरास घर घेतलें आहे. त्याचा हप्ता दहा तारखेचा. हिशेब आमच्या सौभाग्यवती पाहतात. त्या म्हणाल्या, “तुम्हांला संकोच वाटत असेल तर मी एकटी जातें. त्या पोराच्या हप्त्याला संकोच कळत नाहीं.” आम्ही उभयतां गेलों. साहेबांनीं चहा मागविला, आणि रागावण्याऐवजीं स्वतःचीच वही पुढें सरकविली. एका मोठ्या कंपनीनें त्यांचा माल उचलून सात महिने झाले होते. “मी तरी कोणाकडे जाऊं, वहिनी?” त्यांनीं विचारलें. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. शेवटीं 30,000 त्याच दिवशीं आणि उरलेले दोन महिन्यांत, असें ठरलें. त्यांनीं तें पाळलें, आणि आमचे पगार सात तारखेस झाले.

परततांना एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसली. भिडेला आपण सौजन्य समजतों. पण तिचें मोल आपण स्वतः क्वचितच मोजतों. मोठा लहानाला थकवितो, लहान गप्प बसतो, आणि तें मौन पायरीपायरीनें उतरत जाऊन अखेरीस ज्याला बोलण्याचें बळच नाहीं अशा पगारदार पोरावर येऊन थांबतें. वरच्याची चैन आणि खालच्याची उपासमार यांच्यामध्यें आमच्यासारख्यांचा सभ्यपणा उभा असतो. म्हणीनें भिडेला भिकेची बहीण म्हटलें आहे. अनुभव असा, कीं भीड एकाच्या घरीं राहते आणि बहिणीला दुसऱ्याच्या घरीं पाठविते.

आमच्या धंद्याचे नियम यांतूनच आले आहेत. निम्मे पैसे कामाआधीं. उरलेले संकेतस्थळ खुलें करण्यापूर्वीं. डोमेन, होस्टिंग आणि देखभाल यांची वार्षिक वर्गणी आगाऊ; ती लहान असते, पण पावसाळी विहिरीपेक्षां बारमाही झरा बरा. कोणत्याही एका गिऱ्हाइकावर मिळकतीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भार नाहीं. आणि तीन महिन्यांचे पगार बँकेंत वेगळे. त्यांना घरांतल्या लग्नकार्यासही हात लावावयाचा नाहीं. या अटी ऐकून कांहीं जण उठून जातात. जे राहतात, त्यांच्याशीं फडके रोडवर आम्ही मोकळ्या मनानें बोलूं शकतों. मध्यें बिल उभें नसतें.