आधी शाळा, मग घर : दुबई-शारजातील बारा दिवस

गेल्या जानेवारीत आम्हाला बारा दिवस संयुक्त अरब अमिरातीत जाण्याचा योग आला. आमचा धाकटा भाऊ सहा वर्षांपासून दुबईत एसी दुरुस्तीचे काम करतो. इतकी वर्षे एका खोलीत आठ जणांबरोबर एका खाटेपुरत्या जागेत राहिला. आता पगार ५,५०० दिरहम झाला. तेथे ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहण्याची जागा असली की बायको-मुलांना नेता येते. भाऊ फोनवर म्हणाला, "दादा, तुम्ही कागदांतले माणूस. मुलींच्या शाळेचे तुम्हीच येऊन बघा." म्हणून भावजयीला सोबत घेऊन आम्ही निघालो. पुतण्या नाशिकरोडला आजीजवळ राहिल्या. थोरली पाचवीत, धाकटी पहिलीत.

मुंबईहून विमानाने सुमारे तीन तास. उंच इमारती पाहून भावजय गप्पच झाली. आम्हाला मात्र दुसऱ्या दिवशीची खाडी जास्त आवडली. लाकडी होडीला तेथे 'अब्रा' म्हणतात. एक दिरहम दिला की बर दुबईहून देराच्या काठाला सोडते. त्या होडीत हमाल, सुतार, दुकानातले नोकर असे आपल्यासारखेच कष्टकरी बसलेले. हिंदी सगळ्यांनाच येते. ज्यांच्या घामावर हे शहर उभे राहिले, त्यांच्या लेकरांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न त्या होडीतच आमच्या मनात आला.

तेथील सरकारी शाळा अरबी माध्यमाच्या. बाहेरून आलेल्यांची मुले बहुतेक खासगी शाळांतच जातात. भारतीय अभ्यासक्रमाच्या, त्यातही सीबीएसईच्या, शाळा पुष्कळ आहेत. दुबईचे इंडियन हायस्कूल १९६१ सालापासूनचे. शारजा इंडियन स्कूल तेथील भारतीयांच्या संघटनेने १९७९ साली काढलेले. इंग्रजी अभ्यासक्रमाच्या बड्या शाळांच्या मानाने भारतीय शाळांची फी पुष्कळच कमी. त्यांचे वर्ष आपल्याकडील सीबीएसईप्रमाणे एप्रिलला सुरू होते, त्यामुळे इकडून तिकडे वा तिकडून इकडे येताना वर्ष बुडत नाही.

मेट्रोच्या हिरव्या मार्गाने आम्ही अल कुसैस भागात गेलो. भारतीय शाळा या बाजूला बऱ्याच, आणि शारजाची हद्दही जवळच. चार दिवसांत पाच शाळा पाहिल्या. एका शाळेत कचेरीतल्या बाईंनी चकचकीत पुस्तिका हातात दिली, जलतरण तलाव दाखवला, पण एका वर्गात मुले किती हे तीनदा विचारूनही सांगितले नाही. दुसऱ्या शाळेची इमारत जुनी, मैदान लहान. पण तेथे मुख्याध्यापिकेने आम्हाला वर्गात नेले. शेवटच्या बाकावरची मुलगी उठून प्रश्न विचारत होती आणि शिक्षिका थांबून उत्तर देत होती. भावजय बाहेर आल्यावर म्हणाली, "भाऊजी, ही शाळा बरी." आमचेही मत तेच झाले.

दुबईत खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते. तिने शाळा तपासून उत्कृष्टपासून अतिशय कमकुवतपर्यंत श्रेणी दिलेल्या आहेत, आणि ती मंजूर फीही जाहीर करते. कचेरीत सांगतील ती फी आणि जाहीर झालेली फी आधी ताडून पाहावी. अहवाल कोणत्या साली झाला तेही पाहावे. शिक्षक बदलले की शाळा बदलते.

रात्री आम्ही वहीत हिशेब मांडला. पसंत पडलेल्या शाळेची दोघींची फी ११,२०० दिरहम. बस ६,०००. पुस्तके, गणवेश १,८००. एकूण १९,०००, म्हणजे साडेतीन महिन्यांचा पगार. शारजात एका खोलीचे वर्षाचे भाडे २४,०००. भावाची वर्षाची कमाई ६६,०००. उरले २३,०००, महिन्याला जेमतेम १,९०० च्या थोडे वर. त्यातच खाणे, वीज, आजारपण आणि आईला पाठवायचे पैसे. भाऊ वहीकडे पाहत बसला. मग त्यानेच बसच्या आकड्यावर बोट ठेवले. शाळेपासून चालत जाता येईल असे घर घेतले तर ६,००० वाचतात! बहुतेक लोक आधी घर घेतात, मग शाळा शोधतात. आम्ही उलट केले. पसंत पडलेली शाळा शारजातीलच असल्याने दोन दिवस तिच्या भोवतालीच फिरलो आणि तेवढ्याच भाड्यात खोली मिळाली.

अभ्यासाचे म्हणाल तर तेथे नववीपर्यंत अरबी भाषा सक्तीची आहे. आम्ही पाहिलेल्या शाळांत मराठी विषय नव्हता. दुसरी भाषा हिंदी घ्यावी लागते. मराठी घरीच राखावी लागेल. भावाच्या खोलीत भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत. रविवारी त्याच्या ओळखीची चार कुटुंबे वंदनेला जमतात. तेथेच मुलींनी मराठी वाचावी, असे ठरले.

खरा पेच थोरलीचा. तिला डॉक्टर व्हायचे आहे. महाराष्ट्रातील राज्य कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा तर अधिवासाबरोबर दहावी-बारावीही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. सीबीएसईत नववीलाच मंडळाकडे नोंदणी होते, दहावीला शाळा बदलणे अवघड. म्हणजे परतायचे तर नववीच्या आधी. त्या रात्री भावजय रडली. सहा वर्षांनी एकत्र यायचे आणि तीन वर्षांत पुन्हा वेगळे व्हायचे! अखेर दोघांनीच ठरवले. सहावी, सातवी, आठवी तिकडे; मग माय-लेकी नाशिकरोडला. तीन वर्षे तर तीन वर्षे, बाप लेकींना जवळून वाढताना पाहील.

परदेशी जाणाऱ्या बंधू-भगिनींना आमचे सांगणे एवढेच. निघण्यापूर्वी मुलांचा जातीचा दाखला काढून ठेवा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा कागद तिकडून शोधता येत नाही. इथल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत जपा, कारण तिकडच्या कागदावर जातीची नोंद असेलच असे नाही. हा दाखला तिकडे चालण्यासाठी शिक्षण खाते, परराष्ट्र मंत्रालय आणि त्या देशाची वकिलात यांचे शिक्के लागतात. त्याला वेळ द्या. मालकाकडे शिक्षण भत्ता मागा. नाही म्हणाला तरी मागायला संकोच कसला?

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, ते विद्या घेऊन परत आले आणि समाजासाठी झिजले. आपली माणसे आज पोटासाठी समुद्र ओलांडतात. पोटाबरोबर लेकरांची पाटीही सांभाळली पाहिजे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १४ एप्रिलला भावाचा फोन आला. थोरली मागून ओरडली, "काका, जयभीम! आम्ही शाळेत चालत जातो."