चौकटीबाहेर राहिलेला पदर

शिरूरच्या घरात काढलेला आजीचा एक कृष्णधवल फोटो आमच्याकडे आहे. ओसरीवर धान्य निवडत बसलेली आजी, अगदी जवळून घेतलेली. सुरकुत्या स्पष्ट, नजर थेट. फक्त डोक्यावरचा पदर नाही. पदर न घेता ती ओसरीवर कधी आली नसेल, पण फोटोच्या वरच्या कडेने तो माथ्यासकट कापून टाकला आहे. उलट खाली हातातल्या सुपाची कड आली आहे, जी वडिलांनी चौकटीत घेतलीच नव्हती. प्रत पाहून आजी एवढेच म्हणाली, "अरे, माझा पदर कुठं गेला?"

वडील रेल्वेत, दौंडला नोकरीस होते. स्टुडिओवाल्याने छापताना कापले असेल, असे त्यांना आधी वाटले. निगेटिव्ह उजेडात धरल्यावर तोही दिलासा उरला नाही.

दोष होता जवळिकीचा. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही. पाहण्याची खिडकी वेगळी, भिंगाच्या वर आणि थोडी डावीकडे. दोहोंत वरखाली ४ सेंटीमीटर अंतर धरू. ४५ मिलिमीटरचे भिंग ८ मीटरवर सुमारे सव्वाचार मीटर उंचीचे दृश्य टिपते. तिथे ४ सेंटीमीटर कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पण ८० सेंटीमीटरवर दृश्याची उंची जेमतेम ४० सेंटीमीटर उरते आणि तेच ४ सेंटीमीटर चित्राचा दहावा हिस्सा होतात. चूक तेवढीच राहते, माणूस जवळ आलेला असतो. वडिलांच्या कॅमेऱ्यात यासाठी चौकटीच्या आत दोन बारीक खुणा होत्या. जवळचे चित्र त्यांच्या खाली बसवायचे. समोर आई बसलेली असताना त्या खुणा कोणाला आठवणार?

यावर उपाय निघाले. १९५४ च्या लायका एम३ मध्ये फोकस जवळ आणला की व्ह्यूफाइंडरमधली उजळ चौकट आपोआप सरके. १९६६ साली आलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ मध्येही ती खाली-उजवीकडे सरकते. असा एक जुना इलेक्ट्रो मी मुद्दाम मिळवला आणि दौंडच्या घरी, खिडकीशी बसलेल्या वडिलांचा फोटो घेतला. या वेळी माथा शाबूत होता. पण व्ह्यूफाइंडरमध्ये चेहऱ्याच्या डावीकडे मोकळा दिसलेला खिडकीचा गज फोटोत कानामागून उगवल्यासारखा आला होता.

तेव्हा कळले की चौकट सरकते, डोळा सरकत नाही. कड दुरुस्त होते. पण पुढच्या वस्तूमागे काय झाकले जाईल, हे भिंग जिथे आहे तिथूनच ठरते. कॅमेरा वर कलवूनही उपयोग नसतो, कारण त्याने दिशा बदलते, जागा नाही. खरा उपाय साधा आहे. रचना नक्की झाली की कॅमेरा न कलवता तेवढेच अंतर वर आणि डावीकडे न्यायचा, म्हणजे आपला डोळा होता तिथे भिंग येते. मग पुन्हा न पाहता बटण दाबायचे. तिपाईवर हे नेमके जमते. हातात धरून अंदाजाने, आणि समोरच्याने तोवर हलू नये एवढ्या भरवशावर.

असो. आजी गेल्यावर भिंतीवर लावायला दुसरा फोटो नव्हता. स्टुडिओवाला म्हणाला, ब्रशने पदर रंगवून देतो, कोणाला कळणार नाही. त्या काळी हे सर्रास चाले. वडिलांनी नकार दिला. "मी पाहिला होता तो पदर," ते म्हणाले, "कॅमेऱ्याने नाही. त्याच्या नावावर कशाला खपवायचा?"

फोटो तसाच मोठा करून लावला. आता वडिलांसमोर कॅमेरा धरला की ते स्वतःच सांगतात, "थोडा वर घे." आणि मी तो चार बोटे वर घेतो.