एका एकरामागचे नऊ एकर

हुबळीहून शिरशीला जाणाऱ्या बसमध्ये मुंडगोडला लाल वस्त्रांतले दोन तिबेटी भिक्षू चढले आणि शिरशीची तिकिटं काढून लगेच झोपी गेले. तिथवर काळी जमीन होती, कापूस होता, मका काढून मोकळी झालेली शेतं होती. भिक्षू जागे होईतो बाहेरचा मुलूख बदलून गेला. आधी वनखात्याचं रांगेतलं सागवान, मग ऐन, किंजळ, जांभूळ, आणि मग रस्त्याच्या वळणाखाली, दरीच्या तळाशी, पहिली पोफळीची बाग. वरून बघताना ती बाग वाटतच नाही. रानाचाच तळाकडे जास्त गर्द झालेला तुकडा वाटतो.

पुण्यात सध्या ‘फूड फॉरेस्ट’ची लाट आहे. मुळशीकडे दोन एकर माळ घ्यायचा, त्यावर शेकडो जातींची रोपं लावायची आणि शनिवार-रविवारी पाणी घालायला जायचं. त्यात वाईट काहीच नाही. माळावर झाड आलं तर चांगलंच. पण जिथे जंगल आधीपासून उभं आहे आणि त्याच्या जिवावर माणसं पिढ्यानपिढ्या मिरी, वेलची, जायफळ पिकवत आली आहेत, ती शेती मला बघायची होती. आत्तेबहीण सिद्धापूर तालुक्यात हव्यकांच्या घरी दिलेली. भावोजी पुण्यात शेतकी कॉलेजात होते, त्यामुळे मराठी फर्डं बोलतात. त्यांचे वडील, अप्पा, पंच्याऐंशीच्या पुढचे. ते कानडीत सुरुवात करतात, माझा चेहरा बघून कोकणीवर येतात, आणि महत्त्वाचं काही असेल तर पुन्हा कानडीत जातात.

पोचल्या संध्याकाळी बाग बघायचा विषय काढला, तर भावोजी म्हणाले, “बाग उद्या दुपारी. सकाळी आधी वर जायचं.”

वर म्हणजे बेट्टात, बागेच्या वरच्या उतारावरच्या रानात. निघताना ताईने एक बाटली पुढे केली. “पायांना चोळ हे, गुडघ्यापर्यंत. गोचिडी असतात.” इथल्या पाचोळ्यातल्या गोचिडीतून माकडताप होतो. १९५७ मध्ये शेजारच्या शिवमोग्गा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडं पटापट मरू लागली तेव्हा हा आजार प्रथम ओळखू आला. आपल्याकडे दोडामार्ग-बांदा भागात २०१६ मध्ये त्याची साथ आली, म्हणून सिंधुदुर्गात तरी तो आता सगळ्यांना ठाऊक आहे. हिवाळा-उन्हाळा हे त्याचे दिवस, आणि नेमके हेच पाचोळा गोळा करायचेही दिवस. जंगलात शेती करण्याचं हे अंग कुठल्या कार्यशाळेत सांगत असतील असं वाटत नाही.

बेट्टातली झाडं पहिल्यांदा बघणाऱ्याला विचित्र दिसतात. ऐन, किंजळ, नाणा, बिबळा, आवळा, सगळी सरळसोट उंच, आणि शेंड्याला तेवढा पानांचा झुबका. खालच्या फांद्या वर्षानुवर्षं छाटून खोडावर गाठी उठलेल्या. फांदी कुठे तोडायची, शेंडा किती राखायचा, एकदा छाटलेल्या झाडाला परत कधी हात लावायचा, याचे घरोघर ठरलेले नियम आहेत. अप्पांच्या हिशेबाने शेंड्याला कोयता लावणारा माणूस आणि दुभत्या गाईला मारणारा माणूस एकाच पंक्तीतले.

ही जमीन सरकारची, वनखात्याची. बागायतदाराला तिच्यातला हक्क मिळतो तो हिरव्या पाल्याचा, पाचोळ्याचा, गवताचा. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच राहिला. त्या काळात इंग्रजांनी जंगलं राखीव करायचा सपाटा लावला, पण पोफळीची बाग पाल्याशिवाय जगत नाही हे त्यांनाही मान्य करावं लागलं. घाटमाथ्यावर एक एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंत बेट्ट, असं प्रमाण ठरलं. लाकूड तोडायचं नाही, जमीन विकायची नाही, तिथे बाग वाढवायची नाही. पाला मात्र न्यायचा.

एकाला नऊ हे प्रमाण मला आधी फुगवलेलं वाटलं होतं. मग भावोजींनी पाल्याची वाट दाखवली. हिरवा पाला आणि पाचोळा डोक्यावरून खाली येतो तो आधी गोठ्यात. गुरांखाली अंथरला जातो, शेणामुतात मुरतो, थरावर थर चढत खड्ड्यात जातो आणि कुजून खत होऊन बागेत पडतो. उरलेला पाला पोफळीच्या बुंध्याशी थेट पसरतात, म्हणजे इथल्या अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात माती वाहून जात नाही. शिवाय बागेतल्या पाटांतून जे पाणी खेळतं तेही याच उतारात मुरलेलं, झऱ्याने बाहेर आलेलं. शेतकी खात्याच्या तक्त्यात सुपारीचं एकरी उत्पन्न असतं, मिरीचं एकरी उत्पन्न असतं. त्या आकड्याला दहाने भागायला हवं, असं मला बेट्टातून उतरताना वाटत होतं.

बागेत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. सगळ्यात वर पोफळी, पन्नास-साठ फूट. तिच्या खोडाला बिलगून मिरीचा वेल. मधल्या उंचीवर केळी, एखादं जायफळ. खाली वेलची, आणि पाटाच्या कडेला भावोजींनी हौसेने लावलेली पिंपळी. मिरीच्या जुन्या स्थानिक जाती, मल्लिगेसर, करिमल्लिगेसर, सावलीत निभावून नेतात. केरळातून आलेली पन्नियूर-१ ही संकरित जात उघड्यावर घोसच्या घोस देते, पण दाट सावलीत तिचा हात आखडतो. भावोजींनी ती कडेच्या उन्हाच्या पट्ट्यात लावलीय आणि आतल्या भागात जुन्याच वेलांची कलमं. मुळं कुजवणारा रोग आला तर दोन्हींना सारखाच आवळतो, हेही त्यांनी सांगितलं.

जानेवारी असल्यामुळे सुपारीची काढणी चालू होती. कोनेगौडा, म्हणजे घड काढणारा गडी, पायात दोरीचं कडं अडकवून सरसर वर गेला. घड कापला, कंबरेच्या दोराला अडकवून सोडला. खाली दुसऱ्याने दोर ताणून धरलेला, त्यावरून घड घरंगळत थेट त्याच्या हातात. एकही सुपारी मातीत नाही. मग वरच्याने खोड हेलकावत शेजारच्या झाडाचा शेंडा पकडला आणि न उतरता तिकडे गेला. मी मान वर करून बघत होतो, भावोजी माझ्याकडे बघत होते. “याचा मुलगा बेंगळुरूत गाडी चालवतो,” ते म्हणाले. “गावात असे आता हाताच्या बोटांवर.” त्यावर उपाय म्हणून कार्बन फायबरची लांबलचक काठी आली आहे. तिला कोयता लावून जमिनीवरूनच घड काढतात, नळी जोडून फवारणीही करतात. फवारणी बोर्डो मिश्रणाची: शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पावसाळ्यात फळकुजीने घडच्या घड गळतात, त्यावर. अप्पांच्या लहानपणी घडाला टोपी बांधायचे, घडागणिक एक, भर पावसात झाडावर चढून.

रात्री पडवीत सोलणी. पाटावर बसवलेल्या आकड्याच्या पात्यावर, आपण विळीवर नारळ धरतो तशी, बायका हिरवी सुपारी दाबत होत्या. दोन हिसड्यांत साल वेगळी. गप्पा कानडीत, हसणं सगळ्या भाषांतलं. सोललेली कोवळी सुपारी मोठ्या हंड्यात शिजत होती, आधीच्या खेपांचं आटलेलं तांबडं पाणी त्यात घातलेलं. त्याने रंग चढतो. पिकलेली सुपारी मात्र सालीसकट दीड महिना उन्हात वाळवायची, ती पांढरी. शिरशी सुपारीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि इथेच माझी गोची होते. हे सगळं रान, हे छाटणीचे नियम, ही झऱ्यांची राखण, ज्या फळावर उभी आहे ते फळ तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्थाच सांगते. यातली बरीच सुपारी गुटख्याच्या पुडीत जाते. भावोजींना विचारलं तर त्यांनी वाद घातला नाही. “म्हणून तर मिरी, कोकम, दालचिनी वाढवतोय. पण बँकेचा हप्ता सुपारीच भरते.”

दुसऱ्या दिवशी न्याहारीला डोसे, त्यावर तूप आणि घट्ट काकवी. गुऱ्हाळाचे दिवस होते. जेवणात अप्पेमिडीचं लोणचं: अघनाशिनीसारख्या नद्यांच्या काठी रानातच वाढणाऱ्या आंब्याच्या कैऱ्या, अंगठ्याएवढ्या असताना काढलेल्या. देठाशी जो चीक निघतो त्यालाच जिऱ्या-कापरासारखा वास, आणि मिठाच्या पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकतो. कैऱ्यांची किंमत वाढली तशी लोक झाडावर चढून तोडण्याऐवजी फांद्याच उतरवू लागले आणि नदीकाठची जुनी झाडं विरळ झाली. आता हौशी मंडळी चांगल्या झाडांची कलमं बांधून बेट्टाच्या कडेला लावतात. ताईच्या परसातलं कलम तिसऱ्या वर्षी मोहरलंय. ती त्याचं कौतुक सांगताना थकत नाही.

रानमेव्याला एकदम भाव आला की काय होतं, याचा मोठा धडा या मुलखाने उप्पगेवर गिरवला. उप्पगे म्हणजे कोकमाचा भाऊबंद, भोपळ्यासारख्या फाकांचं पिवळं आंबट फळ. साल वाळवून आमटीत घालतात. नव्वदच्या दशकात तिच्या आम्लाने वजन उतरतं अशी हवा परदेशात झाली, गोळ्या निघाल्या आणि भाव आभाळाला टेकले. फळ पिकतं ऐन पावसात. म्हणजे साल उन्हात वाळणं शक्यच नाही, ती भट्टीवर वाळवायची. त्यासाठी गाडीच्या गाडी लाकूड रानातूनच. दुसरा आपल्या आधी नेईल म्हणून कच्ची फळं तोडली, फांद्या तोडल्या. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत वजनावर काहीच परिणाम दिसला नाही. ज्यांच्या बेट्टात उप्पगेची झाडं होती त्यांनी मात्र ती राखली, असं भावोजी सांगतात. उघड्या, कोणाच्याच नसलेल्या रानात लूट झाली. लाकूड कमी खाणाऱ्या भट्ट्या नंतर आल्या. आपल्या सह्याद्रीत नरक्याचं तेच झालं. कॅन्सरच्या औषधासाठी लागणारं द्रव्य त्याच्या लाकडात मिळतं म्हटल्यावर झाडं मुळासकट ट्रकांत गेली.

दुपारी कत्तलेकानला गेलो. जोगच्या धबधब्यापासून होन्नावरकडे घाट उतरू लागला की हे रान लागतं. या भागात सदाहरित रानाच्या तुकड्यांना कान म्हणतात. काही देवाचे, आपल्या देवरायांसारखे, आणि अनेकांत पूर्वी रानमिरी राखलेली असायची. १८०१ मध्ये फ्रान्सिस बुकानन हा इंग्रजांचा पाहणी अधिकारी इकडून फिरला, त्याने या मिरीच्या रानांची नोंद करून ठेवली आहे. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकात, खाली गेरसोप्प्याची राणी चेन्नभैरादेवी हिला पोर्तुगीज मिरीची राणीच म्हणत. तेव्हा लिस्बनला गेलेल्या मिरीतली काही तरी याच सावलीत पिकलेली.

कत्तलेकानचा तळ दलदलीचा. रानजायफळाची झाडं चिखलात उभी, आणि श्वास घ्यायला त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर आलेली. याच दलदलीतली बिब्ब्याच्या कुळातली एक झाडजात विज्ञानाला २००० साली नव्याने कळली. तिच्या नावातच कत्तलेकान आहे. रामपत्री ज्यावर येते तो वृक्ष मात्र जायफळाच्या कुळातला. आपल्या मसाल्याच्या दुकानात रामपत्री सहज मिळते, पण ती कोणत्या झाडाखाली वेचली असेल याचा विचार मी तरी कधी केला नव्हता. वर फांद्यांत सिंहपुच्छ माकडांचा कळप होता. फळं अर्धवट खाऊन खाली टाकत होता. ही माकडं उप्पगेही खातात, असं सोबतचा वनरक्षक म्हणाला. म्हणजे वाटेकरी आणखी एक.

परतताना साळकणीची पाटी दिसली. सप्टेंबर १९८३ मध्ये इथल्या गावकऱ्यांनी तोडीला आलेल्या झाडांना मिठ्या मारल्या आणि अप्पिको आंदोलन उभं राहिलं. भावोजी तेव्हा शाळेत होते. त्यांना आंदोलनापेक्षा शाळा बुडाल्याचा आनंद जास्त आठवतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात उभे होतो. पाल्याचा ढीग नेहमीपेक्षा लहान होता. डोक्यावरून पाला आणणाऱ्या बायकांना शहरातल्या घरकामाला याहून जास्त पैसे मिळतात, आणि माकडतापाची भीतीही नाही. गुरंही अकरावरून चारवर आली आहेत. अप्पा काठी टेकत आले, ढिगाभोवती फिरले, बोटं मोडत कानडीत काही मोजलं आणि नापसंती दाखवून आत गेले.

“पाला आणायला कुणीच मिळालं नाही तर काय कराल?” मी विचारलं.

भावोजींनी दाराकडे बघितलं, आवाज उतरवला. “युरियाची दोन पोती आणून ठेवलीत. मोटारीच्या खोलीत, ताडपत्रीखाली. अप्पा अजून रोज बागेत जातात, त्यामुळे फोडलेली नाहीत.”

“त्यांना माहीत नाही?”

“माहीत आहे,” आतून चहा घेऊन येणारी ताई म्हणाली. “ते रोज जाऊन पोती मोजतात.”