दहा नंबरचे पान

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात मी तीन वर्षे आहे आणि या तीन वर्षांत प्रत्यक्ष मैदानावर मी एकंदर एकवीस मिनिटे खेळलो आहे. राखीव गोलकीपरच्या नशिबी याहून अधिक काही नसते. पहिला गोलकीपर धडधाकट राहो अशी सारा संघ प्रार्थना करतो. राखीव गोलकीपर कोणती प्रार्थना करतो, हे वार्षिकांकात छापण्यासारखे नाही.

"तुझे हात रिकामेच आहेत, निदान डोळे तरी कामाला लाव," असे म्हणून सरांनी एक दिवस माझ्या हातात शंभर पानी वही ठेवली. पुढच्या फेरीत ज्यांच्याशी गाठ पडायची, त्यांचा सामना आधी बघून यायचा आणि टिपणे आणायची. मोबाईलवर चित्रण करून आणतो, असे मी सुचवून पाहिले. सर म्हणाले, "मोबाईल चेंडूच्या मागे धावतो. मला चेंडूच्या मागचं नको आहे."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पहिल्या खेपेला मी जो अहवाल आणला त्यात लिहिले होते, 'दोन-शून्य. दुसरा गोल फार सुंदर.' सरांनी तो मोठ्याने वाचला आणि वही मिटून परत दिली. "एवढं तर वर्तमानपत्रातही येतं," इतकेच म्हणाले.

मग त्यांनी हंगेरीची गोष्ट सांगितली. (आमचे सर शारीरिक शिक्षणाचे, पण गोष्ट अशी सांगतात की मराठी विभागाने राग मानू नये.) 25 नोव्हेंबर 1953. वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध हंगेरी. हंगेरीच्या हिदेगकुटीच्या पाठीवर नऊ नंबर. नऊ नंबर म्हणजे सेंटर फॉरवर्ड, म्हणजे त्याने पुढे उभे राहायचे आणि इंग्लंडच्या स्टॉपरने त्याला धरायचे, असा सगळ्या जगाचा रिवाज. हा गृहस्थ मात्र मागे, मधल्या फळीत जाऊन उभा राहिला. इंग्लंडचा स्टॉपर हॅरी जॉन्स्टन पेचात पडला. त्याच्या मागे जावे तर मागे खिंडार पडते. जागेवर थांबावे तर हिदेगकुटी मोकळा. तो मोकळाच राहिला. त्याने तीन गोल केले आणि हंगेरी 6–3 ने जिंकली. "नंबर बघू नकोस," सर म्हणाले, "चेंडू नसताना माणूस कुठं जाऊन उभा राहतो ते बघ."

यंदा उपांत्य फेरीत ज्या कॉलेजशी आमची गाठ होती, त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्यांचा उपउपांत्य सामना बघायला मी एस.टी.ने त्यांच्या गावी गेलो आणि त्यांच्या गोलपोस्टामागच्या बांधावर बसलो. बाजूने बघितले तर खेळ पुढे-मागे दिसतो. गोलमागून बघितले तर रुंदीत दिसतो, कोण किती जागा सोडतो ते कळते. ही अक्कल माझी स्वतःची.

पहिली दहा मिनिटे चेंडूकडे न बघणे म्हणजे पंगतीत बसून जिलबीकडे न बघण्यापैकी होते. पण पुढे मजा वाटू लागली. मांडणी म्हणायला 4-4-2. पण त्यांचा नऊ नंबर दर वेळी मागे सरकत होता. हुबेहूब हंगेरी! बांधावर मी एकटाच मोठ्याने हसलो. त्याच्या मागे स्टॉपर ओढला गेला, की रिकाम्या जागेत दहा नंबर शिरायचा, पाठीवर माणूस घेऊन चेंडू घ्यायचा आणि गर्रकन वळायचा. त्यांचे दोन्ही गोल असेच झाले. त्यांचा लेफ्ट बॅक हौशी, हल्ल्यात पुढे जायचा आणि परतताना चालत यायचा. त्याच्या मागे बैलगाडी वळेल एवढी जागा. कॉर्नरला उंच पोरे लांबच्या खांबाकडे गर्दी करायची ती फसवणूक, चेंडू मात्र जवळच्या खांबाशी खाली यायचा. गोलकीपर किक नेहमी त्याच्या उजवीकडेच मारायचा. पाच पाने भरली.

सहाव्या पानावर मी '10' एवढेच लिहिले आणि पेन थांबले.

कारण तो दहा नंबर माझ्या गल्लीतला. आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे बाहेरच्या माणसाला कुस्तीची वाटतात, आणि तालमी म्हणून मुळात ती कुस्तीचीच. पण शाहू स्टेडियमवर या तालमींच्या नावाने हजारो माणसे घसा फोडतात ती फुटबॉलसाठी. आम्ही दोघेही एका तालमीच्या पोरांच्या संघात वाढलो. दोन चपला ठेवून केलेल्या गोलात मी उभा आणि समोर तो, अशा आमच्या किती संध्याकाळी गेल्या त्याची मोजदाद नाही. बारावीनंतर तो मामाच्या गावी कॉलेजला गेला. सुट्टीत आणि तालमीच्या हंगामाला तो येतोच.

दोन वर्षांमागे सरावात त्याचा उजवा गुडघा मुरगळला. मीच त्याला गाडीवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेले होते. अस्थिबंध थोडा फाटला आहे, जपून खेळ, असे ते म्हणाले. "घरात सांगू नगंस. आई खेळ बंद करंल," हे त्याने मला गाडीवरच सांगितले. मी सांगितले नाही. कुणालाच नाही.

बांधावर बसून मी जे बघितले, ते म्हणूनच मला दिसले. दुसऱ्या कुणाला दिसले नसते. तो दर वेळी उजव्या खांद्यावरूनच वळत होता. डावीकडे वळायचे तर उजवा पाय रोवून त्यावर सगळा भार द्यावा लागतो. तो ते टाळत होता, आणि इतक्या सफाईने टाळत होता की लोकांना ती त्याची शैली वाटत होती.

सोमवारी सरांनी आणि कप्तानाने वही वाचली. लेफ्ट बॅकचे पान वाचून सर खूश झाले. सहावे पान उलटून कप्तान म्हणाला, "आरं, दहा नंबरचं पान कोरं? तोच तर गोल करतोय."

मी म्हणालो, "त्याच्याबद्दल अजून नीट ठरलं नाही."

सरांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मग हसून त्यांनी लेहमानची चिठ्ठी सांगितली. 2006 च्या विश्वचषकात बर्लिनला जर्मनी-अर्जेंटिना सामना पेनल्टीवर गेला, तेव्हा जर्मन गोलकीपर लेहमानने मोज्यात एक चिठ्ठी खोचली होती. अर्जेंटिनाचा कोणता खेळाडू कुठे मारतो याची. कांबियासो मारायला आला तेव्हा लेहमानने ती काढून शांतपणे वाचली. कांबियासोचे नाव तिच्यात नव्हतेच. पण ते कांबियासोला कुठे ठाऊक? त्याची पेनल्टी अडली आणि जर्मनी जिंकली. "तेव्हा कोऱ्या पानाचाही उपयोग असतो," सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो, पण मला घाम फुटला होता.

दोन रात्री मी हिशेब मांडत होतो. बघून आलेले सांगणे हे माझे काम होते. गुडघा मी बघून आणलेला नव्हता. तो मला विश्वासाने मिळाला होता. पण तो एकाच बाजूला वळतो हे तर मी उघड्या मैदानात, दोनशे माणसांबरोबर बघितले होते! बी.ए.ला तर्कशास्त्र घेतलेल्या मुलाला स्वतःची समजूत घालणे फारसे जड जात नाही. सामन्याच्या सकाळी मी आमच्या हाफला बाजूला घेतले आणि म्हणालो, "दहा नंबरच्या उजव्या खांद्याला चिकटून राहा. डावीकडची वाट मोकळी सोड. तिकडं तो वळत नाही." का, ते सांगितले नाही. पान कोरेच ठेवले.

सामन्याचे थोडक्यात सांगतो. विसाव्या मिनिटाला त्यांच्या लेफ्ट बॅकच्या मागच्या जागेतून आमचा राईट विंगर पळाला आणि आम्ही गोल केला. राखीव खेळाडूंच्या बाकावरून "वही! वही!" असा ओरडा झाला. दहा नंबर जवळजवळ दिसेनासा झाला होता. चेंडू घ्यायचा, उजवीकडे आमचा हाफ बघायचा आणि मागे देऊन टाकायचा. एकदा त्याने आमच्या बाकाकडे पाहिले. मी बुटाची नाडी बांधू लागलो.

उत्तरार्धात अठराव्या मिनिटाला त्याने पुन्हा चेंडू घेतला. हाफ उजव्या खांद्याला होताच. तो क्षणभर थांबला आणि मग उजवा पाय रोवून डावीकडे वळला, दोन वर्षांपूर्वी वळायचा तसा. आमचा गोलकीपर हललाही नाही. चेंडू जाळीत गेला आणि तो जागेवरच बसला. त्यांची पोरे आनंदाने त्याच्या अंगावर पडली. तो ओरडतो आहे हे त्यांना उशिरा कळले.

त्याला उचलून नेल्यावर त्यांचा नऊ नंबर मागे येऊन चेंडू द्यायचा, पण घ्यायला कुणी नव्हते. शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही दुसरा गोल केला. मुलांनी मला खांद्यावर घेतले. एकवीस मिनिटे खेळलेल्या माणसाला असा मान आमच्या कॉलेजात आजवर मिळालेला नसावा.

चार दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. अस्थिबंध पुरता तुटला होता. शस्त्रक्रिया, आणि पुढे किमान नऊ महिने मैदान बंद. दार त्याच्या आईने उघडले. चहा टाकता टाकता त्या म्हणाल्या, "तू तर तिथंच हुतास न्हवं? कसं पडलं रं ते?"

"वळताना," मी म्हणालो.

त्या आत गेल्यावर त्याने विचारले, "गुडघ्याचं सांगितलंस?"

"न्हाई. बाजू सांगितली."

तो बराच वेळ छताकडे बघत होता. मग म्हणाला, "एकच की ते."

अंतिम सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

पुढे तालमींचा हंगाम सुरू झाला. आमच्या तालमीला तो नव्हता आणि ते जाणवत होते. मी स्टेडियमवर एकटाच जात होतो. एका संध्याकाळी काठी टेकत तो पायऱ्या चढून आला आणि माझ्याशेजारी बसला. पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी आमच्या तालमीची गाठ होती, ते समोर खेळत होते. माझ्या मांडीवर वही होती. त्याने ती ओढून घेतली, पाने उलटली आणि सहाव्या पानावर थांबला. वर '10', खाली काही नाही.

अर्धा तास आम्ही काहीच बोललो नाही. मग तो एकदम म्हणाला, "त्यांचा स्टॉपर बघ. चेंडूकडं नगं, पायाकडं बघ. डावा घोटा जपतोय."

मी बघितले. खरेच जपत होता.

"लिही की," वही माझ्याकडे सरकवत तो म्हणाला. "हे पान मोकळंच हाय."